चिलटांचे दिवस

परवा सकाळी चहाच्या पातेल्यावरचं झाकण उचललं आणि नाकासमोरून एक चिलट गेलं. एकच होतं. हात झटकला तर बाजूला झालं आणि पुन्हा तिथंच येऊन घिरट्या घालायला लागलं. मी म्हटलं, आलात? या. भाद्रपद लागलाय, तुमचाच महिना आहे.

एकटा माणूस स्वयंपाकघरात असाच बोलायला लागतो. आधी कुकरशी बोलतो, मग दारातल्या मांजराशी, आणि शेवटी चिलटाशी. शकू असती तर म्हणाली असती, "सर, शाळा सुटली तुमची, पोरं न्हाई राह्यली. मंग आता चिलटायचा वर्ग घ्या." सगळं गाव मला सर म्हणतं म्हणून तीही सर म्हणायची. गावाच्या 'सर'मध्ये मान होता, तिच्या 'सर'मध्ये चिमटा होता. शकू म्हणजे शकुंतला, माझी बायको. येत्या दसऱ्यानंतर तिला जाऊन दोन वर्षं होतील.

आमच्या वडीगोद्रीकडे श्रावण सरता सरता मोसंबीची गळ सुरू होते. फळ अजून हिरवंच असतं, पण पाऊस जरा जास्त झाला की देठ सुटतो आणि सकाळी बागेत गेलं की झाडाखाली फळं पडलेली दिसतात. झाडावर टिकतो तो चांगला माल. तो पुढं तोडून व्यापाऱ्याच्या गाडीत जातो. घरात येते ती गळ. मोसंबीच्या मुलखात राहून आम्ही जन्मभर पडलेली फळं खाल्ली आणि त्यात कुणाला कधी काही वावगं वाटलं नाही. एका बाजूला मऊ पडलेलं, कुठं मातीचा डाग असलेलं, कधी मुंगी लागलेलं. खराब भाग कापून टाकायचा आणि उरलेलं खायचं. लहानपणापासून आमच्या तोंडाला तीच चव.

गळीमागोमाग चिलटं येतात. पावसाळी ओल, कोंदट स्वयंपाकघर आणि कोपऱ्यातली फळांची टोपली एवढं त्यांना पुरतं. घरोघरी सकाळच्या वेळी टाळ्यांचे आवाज येतात. लांबून ऐकणाऱ्याला वाटावं भजन चाललंय, पण ते भजन नसतं, चिलटं मारणं असतं. टाळी वाजते, चिलट निसटतं आणि माणूस आपल्याच तळहाताकडं बघत उभा राहतो.

चिलटं कुठून येतात, यावर शकूचं आणि माझं कधी जमलं नाही. ती म्हणायची, हवेतून होतात. मी विज्ञानाचा मास्तर. कुजक्यातून जीव आपोआप उपजत नाही, हे आठवीच्या पोरांना शिकवण्यात माझा जन्म गेला. दरवर्षी मी वर्गात दोन बरण्या ठेवायचो. दोन्हींत मोसंबीच्या साली. एकीचं तोंड उघडं, दुसरीवर फडकं घट्ट बांधलेलं. आठवड्याभरात उघड्या बरणीत चिलटांची जत्रा भरायची आणि बांधलेल्या बरणीत नुसत्या कुजलेल्या साली राहायच्या. "बघा," मी पोरांना म्हणायचो, "कुणीतरी येऊन अंडी घालून गेल्याशिवाय काही होत नाही. मूळ शोधायचं. मूळ असतंच." बरण्या शकूच्या लोणच्याच्या असायच्या. प्रयोग झाल्यावर ती त्या घरात घ्यायला तयार नसायची. "तुमच्या विज्ञानापायी माझ्या दोन बरण्या बाटून गेल्या," म्हणायची.

तर, मूळ असतंच.

शकू गेली त्या साली उन्हाळ्यातच तिच्या पायांवर सूज आली. आधी वाटलं चालणं जास्त झालं असेल. मग चेहरा सुजला. जालन्याला नेलं, तपासण्या झाल्या आणि दोन्ही किडन्या गेल्याचं कळलं. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. गळ्याजवळ एक नळी बसवली. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं मला समोर बसवून नीट सांगितलं, घर स्वच्छ ठेवा, नळीला संसर्ग झाला तर जिवावर बेतेल. मग खाण्याचं सांगितलं. केळी बंद, नारळपाणी बंद, टमाटे बंद, मोसंबी तर बिलकुल बंद. पाणीसुद्धा मापात. ती बाजूला बसून सगळं ऐकत होती. परत येताना अंबड मागं पडलं, रस्त्याकडेला बागा दिसायला लागल्या, तेव्हा खिडकीतून बघत तिनं एवढंच विचारलं, "मोसंबी पन?"

मी म्हणालो, "मोसंबी पण."

घर येईपर्यंत ती खिडकीतून बागाच बघत राहिली.

आता आमच्याकडची रीत सांगतो. आजारी माणसाला बघायला रिकाम्या हातानं कुणी जात नाही, आणि मोसंबीच्या मुलखात माणूस हातात दुसरं काय घेणार? बातमी पसरली आणि माणसं यायला लागली. पाहुणे, माझे जुने विद्यार्थी, तिच्या भजनी मंडळातल्या बाया, बागेत कामाला येणाऱ्या बाया. प्रत्येकाच्या हातात पिशवी आणि पिशवीत मोसंबी. आणि ती गळीची नव्हती बरं का. झाडावरून निवडून तोडलेली, जड, तुकतुकीत. शकू पलंगावरून ती फळं बघायची आणि हसायची. "जल्मभर गळीची खाल्ली. आता बाजाराचा माल चालत दारी आला तं तोंडाला कुलूप."

सुरुवातीला मी एक-दोघांना सांगून पाहिलं की तिला चालत नाही. त्यात एक दगडूमामा होते, शकूचे सख्खे मामा, वाटूरचे. थकलेला माणूस, एस.टी. बदलत, खांद्यावर पिशवी घेऊन आलेला. मी म्हणालो, "मामा, डॉक्टरांनी मोसंबी बंद केलीय." मामांचा चेहरा असा पडला की मलाच कानकोंडं झालं. म्हणाले, "बाजारातली बंद केली असंल, जावईबापू. हे घरचं हाय. औषध बिलकुल मारेल न्हाई." आतून शकूचा आवाज आला, "ठिवा मामा. खाते मी. जल्दी बरी होते." मामांनी पिशवी रिकामी केली, एकेक फळ धोतराच्या सोग्यानं पुसून टोपलीत ठेवलं आणि समाधानानं चहा प्याले. ते गेल्यावर शकू मला म्हणाली, "लोकायला न्हाई म्हनत जाऊ नका. देयाला त्यायच्याकडं दुसरं काय हाय?"

मग मी कुणाला काही म्हणालो नाही.

टोपली भरली, मग परात भरली, मग पिठाच्या डब्यावर फळं आली. देऊन टाकावीत तर आजाऱ्याच्या उशाशी आलेलं फळ कुणी घरी नेत नाही. शेजारच्या पोरांना द्यायला गेलो तर त्यांच्या आया दारातूनच "राहू द्या सर" म्हणायच्या. फेकावीत तर शकू फेकू देईना. माझ्यासाठी आणलीत, नासल्यावर टाका, आधी नाही, हे तिचं म्हणणं. आणि ती नासायचीसुद्धा फार लवकर. मोसंबी तशी टिकाऊ, पण आमच्या घरात चार दिवसांत डाग धरायची.

मग चिलटं आली. थोडीथोडकी नाही. टोपलीवरचं फडकं उचललं की धुरासारखी उठायची. भाताच्या वाफेवर, चहाच्या गाळणीवर, पाण्याच्या माठावर. माझ्या मनात डॉक्टरांचं ते वाक्य बसलेलं. रात्रंदिवस मला तिच्या गळ्याजवळची ती पांढरी पट्टी दिसायची आणि तिच्याभोवती चिलट दिसलं की मी फडकं घेऊन धावायचो. चिलट चावत नाही, त्यानं काही होत नाही, हे मला विज्ञानातून ठाऊक होतं. पण भीती विज्ञान शिकलेली नसते.

मी लढाईला उभा राहिलो. कापूर जाळला, लिंबाच्या पाल्याचा धूर केला, बेसिनच्या जाळीत रोज उकळतं पाणी ओतलं. ज्याला त्याला उपाय विचारत सुटलो, आणि विचारलं की आपल्या गावात उपायाला तोटा नाही. एकानं लवंगा सांगितल्या, दुसऱ्यानं तुळस, तिसरा म्हणाला पंखा लावून ठेवा. सूनबाई पल्लवी पुण्यात असते, तिनं फोनवर व्हिनेगरचा सापळा सांगितला. शकू पलंगावरून म्हणाली, "पैशे घालून कशाला आनता? गुळाचं पानी करा." मग मी गुळाचं पाणी केलं, ग्लासात ओतलं, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला आणि वर कागदाचं नरसाळं बसवलं. साबणानं पाण्याचा ताण मोडतो आणि चिलट पाण्यावर टेकलं की बुडतं, हे मी तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "बराबर हाय सर. आता शाईनं लिहून घिऊ का?"

रोज सकाळी ग्लास रिकामे करायचो, तळाशी काळा थर असायचा. रोज नवं पाणी भरायचो. आणि रोज चिलटं तेवढीच असायची. पल्लवी फोनवर म्हणायची, "बाबा, कुठंतरी काहीतरी कुजतंय. मूळ शोधा." मला, जन्मभर हेच शिकवलेल्या माणसाला, सुनेनं शिकवावं!

मी टोपली उपसली. एकेक फळ उजेडात धरून बघितलं. दर फळावर एक तपकिरी डाग, आणि डागाच्या मधोमध एक बारीक चीर, चंद्राच्या कोरीसारखी. कालच आलेल्या फळांवर डाग नव्हता, पण चीर होती. ताजी, ओलसर. सालीला नखानं चीर पडली की फळ तिथूनच नासायला लागतं आणि चिलटांना दार उघडं मिळतं. पण नख कुणाचं?

एकदा दुपारी औषधं घेऊन परत आलो. पलंग रिकामा. आत डोकावलो तर शकू भिंत धरत धरत स्वयंपाकघरात गेलेली. टोपलीजवळ पाटावर बसली होती. तिनं एक मोसंबी उचलली, अंगठ्याचं नख सालीत दाबलं, फळ नाकाशी नेलं आणि डोळे मिटून घेतले. बराच वेळ तशीच बसली. मग ते फळ ठेवून दुसरं घेतलं.

मी खाकरलो. तिनं फळ पदराखाली घेतलं, चोरी पकडलेल्या पोरीनं घ्यावं तसं.

"ह्या फळांना नखं कुणी मारली?" मी विचारलं.

"तोडताना लागलं असंल कुनाचं."

"सगळ्यांनाच?"

तिनं पदराखालचं फळ बाहेर काढलं आणि माझ्याकडं सरळ बघून म्हणाली, "डाक्टरनं खाऊ नको म्हनलं. वास घिऊ नको, असं म्हनलं का? खाऊन न्हाई राह्यले मी, सर."

तहानेनं तिचे ओठ फुटलेले असायचे. मापाचं पाणी संपलं की ती ओल्या फडक्यानं ओठ पुसायची. आणि भोवती एवढी रसानं भरलेली फळं. मी तिच्याजवळ जमिनीवर बसलो. ती म्हणाली, "हे मामाचं. हे त्या भजनातल्या बाईचं. कोन आल्तं, काय बोललं, सगळं ह्याच्यात ध्यानात ऱ्हातं." मग तिनं आणखी एका फळाला नख लावलं आणि ते माझ्या नाकाशी धरलं. "घ्या. तुमाला तं कुनाची मनाई न्हाई."

मी वास घेतला. खोटं कशाला बोलू, मोसंबीच्या झाडांत वाढलो, पण त्या दिवसापर्यंत मोसंबीचा वास मी घेतलाच नव्हता. हिरवा, थोडा कडवट, नाकात झोंबणारा आणि मग एकदम गोड होणारा. मला रडू यायला लागलं म्हणून मी उठून ग्लासातलं गुळाचं पाणी बदलायला लागलो.

त्यानंतर मूळ सापडलं नाही, असंच मी पल्लवीला फोनवर सांगत राहिलो. रोज सकाळी टोपलीच्या तळातली नासलेली फळं काढून शेजाऱ्याच्या म्हशीला घालायची, सापळ्याचे ग्लास धुवायचे, बेसिनमध्ये उकळतं पाणी ओतायचं, तिच्या पलंगाभोवती ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचं. चिलटं येत राहिली, मी त्यांना मारत राहिलो. टोपली मात्र मी तिच्या हाताला येईल अशी पलंगाजवळच्या स्टुलावर आणून ठेवली. तिनं ती हातानं आणखी जवळ ओढून घेतली.

एकदा जालन्याला, मशीन चालू झाल्यावर, तिनं डॉक्टरांना विचारलंच. डॉक्टर हसले आणि म्हणाले, आता मशीन चालू आहे तर एक फोड खा, पण एकच. पुढच्या खेपेला मी घरून सगळ्यांत चांगलं फळ निवडून नेलं. मामांनी आणलेल्यातलं. साल काढली, शिरा काढल्या, बी काढली आणि एक फोड तिच्या तोंडात घातली. ती काही वेळ तशीच धरून बसली. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. इतक्या दिवसांनी मिळालेली मोसंबी, आता ती काय म्हणते याची मी वाट बघत होतो.

"लोखंडावानी लागून राह्यलं," ती म्हणाली.

"काय?"

"मोसंबी न्हाई लागत. लोखंड लागतंय."

या आजारात तोंडाची चव अशी जाते, हे मला नंतर कळलं. तिनं फोड हळूच हातावर काढली, माझ्याकडं दिली आणि म्हणाली, "साल कुठं टाकली? ती द्या." मशीन संपेपर्यंत ती साल तिच्या मुठीत होती. अधूनमधून मूठ नाकाशी न्यायची. येताना गाडीत झोपली तेव्हाही मूठ मिटलेलीच होती.

शकू दसऱ्यानंतर गेली. नळीला काही झालं नाही, संसर्गही झाला नाही. हृदयानंच दगा दिला, सकाळी, मी चहा टाकत असताना. एवढं राखलं, पुसलं, उकळलं, आणि माणूस दुसऱ्याच दारानं निघून गेलं.

मग पुन्हा माणसं आली. तीच माणसं. पण मयताच्या घरी फळं घेऊन कुणी येत नाही. दगडूमामा आले, रिकामे हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. तेराव्यानंतर सगळे गेले. एके दिवशी मी भात टाकला, झाकण उघडलं आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. वाफेवर काहीच नव्हतं. माठावर काही नव्हतं. सापळ्याच्या ग्लासात गुळाचं पाणी होतं तसं स्वच्छ, तळ दिसत होता. चिलटं गेली होती. जे मी इतके दिवस मागत होतो ते मला मिळालं होतं, आणि मी ओट्याशी उभा राहून लेकरासारखा रडलो.

मागच्या वर्षी आमच्या बागेतला माल झाडावरच व्यापाऱ्याला देऊन टाकला आणि तिकडं फिरकलो नाही. घरात एक फळ आलं नाही. भाद्रपद आला आणि गेला, पण ओट्यावर एक चिलट दिसलं नाही. वर्ष झालेलं नव्हतं म्हणून महालक्ष्म्याही बसवल्या नाहीत. एवढं स्वच्छ स्वयंपाकघर मी जन्मात बघितलं नव्हतं. कसलाच वास नव्हता तिथं.

यंदा काय झालं कुणास ठाऊक, श्रावणात पाय आपोआप बागेकडं वळले. झाडाखाली गळ पडलेली. पिशवी भरली, घरी आणली, शकूच्या टोपलीत ठेवली. एकटा माणूस खाणार किती? पण दुसऱ्या दिवशी पुन्हा आणली. दुपारी ओसरीवर पेपर वाचत बसतो तेव्हा एखादं फळ हातात असतं, एवढंच. चव घ्यायची म्हणून अजून एकही फोडलेलं नाही.

आणि मग परवाचं ते चिलट. काल बघितलं तर चार-सहा. आज मोजायला गेलो नाही.

महालक्ष्म्यांसाठी काल नितीन आणि पल्लवी आले. नितीन आमचा मुलगा. पल्लवी टेंभुर्णीची, शेतकऱ्याघरची. पुण्यात राहून बोलणं शहरी झालंय, पण कामाला लागली की गावाकडचीच. स्वयंपाकघरात पाऊल टाकताच म्हणाली, "बाबा, नैवेद्याच्या आत ही चिलटं गेली पाहिजेत. कुठंतरी काहीतरी कुजतंय." आणि तिनं पदर खोचला. बेसिनमध्ये उकळतं पाणी ओतलं. सिलिंडर सरकवून मागं पुसलं. बटाटे निवडले, कांद्याची टोपली झटकली. गुळाचं पाणी करून नरसाळं बसवलं, तेही मला न विचारता. मी ओसरीवर बसून ऐकत होतो. इतक्या महिन्यांनी आत भांडी वाजत होती, बरं वाटत होतं.

शेवटी तिनं मोसंबीची टोपली परातीत उपसली. मग ती दारात आली. दोन्ही हातांत एकेक फळ होतं.

"बाबा, ह्या सगळ्यांना नखं कुणी मारली?"

मी पेपर खाली ठेवला. माझ्या अंगठ्याच्या नखात सालीची हिरवी कड अडकलेली होती. खरं सांगतो, तोवर माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. हात बोटं मिटून मांडीखाली घेतला आणि तोंडातून निघून गेलं, "तोडताना लागलं असंल कुनाचं."

पल्लवी हळूच म्हणाली, "गळीचं फळ कुणी तोडतं का, बाबा?"

मी पेपर उचलून डोळ्यांसमोर धरला. तिनं पुन्हा विचारलं नाही. आत गेली, नासलेली तेवढी फळं बाजूला काढली, बाकीची पुसून टोपलीत भरली आणि टोपली आणून माझ्या खुर्चीजवळच्या स्टुलावर ठेवली. मग चिलटांसाठी आणखी एक ग्लास धुवायला घेतला.